बोगद्याची आखणी आणि संगणकीय प्रतिरूपण : पावसच्या सड्याखालील एका कल्पित बोगद्याच्या आधारे

१. प्रास्ताविक

रत्नागिरीच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवर पावस हे गाव आहे. गावाच्या भोवताली कोकणच्या किनाऱ्यावर सर्वत्र दिसतात तसे जांभ्याचे सपाट सडे पसरलेले आहेत. वरून पाहिले असता हा सडा अखंड, अभेद्य कातळ भासतो. त्यातून काढलेल्या चिऱ्यांनी या भागातील घरे बांधली गेली आहेत. परंतु या भागात विहीर खणणारास जे ठाऊक असते ते सड्यावरून चालणारास ठाऊक नसते. वरचा टणक थर फुटला की जांभा मऊ होत जातो, त्याखाली पांढरट किंवा पिवळसर चिकणमाती लागते, मग कुजलेला दगड, आणि सर्वांत शेवटी काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट. रत्नागिरीच्या परिसरात विहिरी खणताना जांभ्याखाली निळसर चिकणमाती व तीत लिग्नाइटचे थर आढळल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून उपलब्ध आहेत. या थरांची जाडी मात्र कोठेही सारखी नसते. एका वाडीत चिकणमाती हातभर लागते, तर शेजारच्या वाडीत ती संपता संपत नाही.

विहीर खणणाराची चूक झाली तर एक विहीर वाया जाते. बोगदा खणणाराची तीच चूक झाली तर तिची किंमत वर्षांनी व माणसांच्या प्राणांनी द्यावी लागते. प्रस्तुत लेखात बोगद्याच्या खोदकामाची आखणी करताना संगणकीय प्रतिरूपणाचा उपयोग कसा होतो, हे स्पष्ट करावयाचे आहे. ज्यास इंग्रजीत सिम्युलेशन म्हणतात, त्यासाठी येथे प्रतिरूपण हा शब्द योजिला आहे. विवेचनाच्या सोयीसाठी पावसच्या सड्याखालून जाणारा १,२०० मीटर लांबीचा एक बोगदा आपण कल्पिणार आहोत. असा बोगदा अस्तित्वात नाही, आणि त्याविषयी दिलेले आकडे केवळ गणित समजावून देण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. मात्र त्या गणितामागची अडचण खरी आहे. ती कोकणाने अनुभवलेली आहे.

२. कोकण रेल्वेचा अनुभव

कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९९० साली झाली. त्याच वर्षी १५ सप्टेंबर रोजी रोहा येथे कामाची पायाभरणी झाली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. सुमारे ७४० किलोमीटरच्या या मार्गावर नव्वदाहून अधिक बोगदे असून त्यांची एकूण लांबी ८४ किलोमीटरच्या आसपास आहे. रत्नागिरीच्या उत्तरेस उक्षी व भोके या स्थानकांच्या दरम्यान असलेला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांबीचा असून, २०१३ साली काश्मीरमधील पीर पंजाल बोगदा सुरू होईपर्यंत तो भारतातील सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता.

या बोगद्यांची लांबी व त्यांस लागलेला काळ यांची तुलना केली असता एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. कठीण कातळातील बोगद्यांसाठी स्वीडनहून आणलेल्या जलदाबचलित यंत्रांच्या साहाय्याने मोठमोठी अंतरे पार करण्यात आली. ज्यांनी बांधकामकर्त्यांस खरोखर जेरीस आणले ते मात्र मऊ मातीतील नऊ बोगदे होते. पाण्याने संपृक्त झालेली चिकणमाती खोदावी तशी पुन्हा आत येई. तेथे यंत्रे निरुपयोगी ठरून हाताने, इंचाइंचाने पुढे सरकावे लागे. केवळ या मऊ मातीच्या बोगद्यांनी चार वर्षांचा काळ व १९ कामगारांचे प्राण घेतल्याची नोंद आहे. गोव्यातील पेडणे येथील सुमारे दीड किलोमीटरचा बोगदा हा त्यांतील सर्वांत हट्टी होय. साडेसहा किलोमीटरच्या करबुड्यापेक्षा या दीड किलोमीटरने अधिक काळ अडविले. संपूर्ण मार्गाच्या उभारणीत ७४ जण मृत्युमुखी पडले. रत्नागिरी येथील श्रमशक्ती स्मारक त्यांच्या स्मरणार्थ उभे आहे.

यावरून बोगद्याच्या आखणीचा मूळ प्रश्न स्पष्ट होतो. बोगद्यास लागणारा काळ त्याच्या लांबीवरून ठरत नसून, त्याच्या वाटेत वाईट जमीन किती व कोठे आहे यावरून ठरतो. आणि नेमकी हीच गोष्ट आरंभी कोणासही पुरती ठाऊक नसते. मग जे ठाऊक नाही त्याची आखणी कशी करावी?

३. प्रतिरूपणाचे दोन प्रकार

बोगद्याच्या संदर्भात प्रतिरूपण हा शब्द दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो. त्यांची गल्लत होऊ देता कामा नये. पहिला प्रकार यांत्रिकीचा. जमिनीतून पोकळी कोरली असता भोवतालचे ताण कसे बदलतील, छत किती खाली येईल, अस्तरावर किती भार पडेल, हे सान्त घटक पद्धतीने किंवा तत्सम गणिताने काढले जाते. या प्रकारात ‘बोगदा उभा राहील काय?’ या प्रश्नाचे उत्तर मिळते.

दुसरा प्रकार प्रक्रियेचा. छिद्रे पाडणे, सुरुंग उडविणे, फुटलेला दगड बाहेर नेणे, आधार देणे ही कामे कोणत्या क्रमाने, किती वेळात, कोणकोणत्या यंत्रांच्या साहाय्याने होतील व त्यांत योगायोगाचा भाग किती असेल, याचा हिशेब संगणक करतो. येथील प्रश्न ‘बोगदा केव्हा, किती खर्चात व किती धोका पत्करून पूर्ण होईल?’ असा असतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा प्रकार होय.

या प्रकारामागची मूळ कल्पना १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे उलाम व फॉन नॉयमन यांनी पुढे आणलेल्या मॉन्टे कार्लो पद्धतीची आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर सूत्राने काढणे दुष्कर आहे, तेथे यादृच्छिक संख्यांच्या आधारे तो प्रसंग पुनःपुन्हा घडवून पाहावा व निष्पत्तींची नोंद ठेवावी, असे तिचे थोडक्यात स्वरूप आहे. डॅनियल हॅल्पिन यांनी १९७० नंतरच्या दशकात बांधकामातील आवर्ती कामांसाठी ‘सायक्लोन’ ही पद्धती सिद्ध केली. पुढे कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात ‘सिम्फनी’ ही प्रणाली तयार झाली व एडमंटन शहराच्या बोगद्यांसाठी तिचा वापर झाला. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील हर्बर्ट आइन्स्टाइन व त्यांचे सहकारी यांनी लोझान येथील तंत्रसंस्थेच्या सहकार्याने बोगद्यांसाठी जी निर्णयसाहाय्यक प्रणाली विकसित केली, तिचा उपयोग आल्प्स पर्वताखालील गोटहार्ड व लोचबर्ग या बोगद्यांच्या आखणीत करण्यात आला.

४. सरासरीचा भ्रम

कोणी विचारील की, एवढा खटाटोप कशासाठी? प्रत्येक कामास सरासरी किती वेळ लागतो हे अनुभवाने ठाऊक असते. त्या सरासरींची बेरीज केली म्हणजे झाले. हा युक्तिवाद सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो. पण तो चुकीचा आहे. कसा, ते पावसच्या उदाहरणावरून पाहू.

आपल्या कल्पित बोगद्याच्या दोन्ही टोकांना सडा कापून दर्शनी भाग तयार करावयाचा आहे. दोन्ही टोकांचे काम १ डिसेंबरला स्वतंत्रपणे सुरू होते. प्रत्येक टोकास २०, २४ किंवा २८ आठवडे लागतील व या तिन्ही शक्यता सारख्याच आहेत असे मानू. प्रत्येक टोकाची सरासरी २४ आठवडे येते. तेव्हा सरासरीवर विसंबणारा आखणीकार १८ मेच्या सुमारास काम संपेल असे लिहील आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येणाऱ्या पावसापूर्वी तीन आठवडे हाताशी राहतात म्हणून निश्चिंत होईल.

परंतु काम पूर्ण होणे म्हणजे दोन्ही टोके पूर्ण होणे. म्हणजे जे टोक मागे राहील त्याचा काळ धरावयास हवा. एकूण ९ शक्यतांपैकी केवळ एकीत दोन्ही टोके २० आठवड्यांत संपतात, ३ शक्यतांत २४ आठवडे लागतात आणि तब्बल ५ शक्यतांत २८. यांची सरासरी सुमारे २५.८ आठवडे येते. २४ आठवड्यांत काम संपण्याची संभाव्यता ४/९, म्हणजे निम्म्याहूनही कमी आहे.

आता यात कोकणचा पाऊस मिळवू. रत्नागिरीस वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. २८ आठवडे लागले तर तारीख १५ जून येते. तोपर्यंत पाऊस सुरू होऊन उघड्या कापणीच्या बाजू ढासळू लागतील आणि त्या सावरण्यात आणखी ६ आठवडे जातील असे मानू. म्हणजे त्या ५ शक्यतांत २८ ऐवजी ३४ आठवडे लागतील. नवी सरासरी सुमारे २९.१ आठवडे. ज्या कामाच्या दोन्ही भागांची सरासरी २४ आठवडे आहे, त्या संपूर्ण कामाची सरासरी २९ आठवड्यांहून अधिक निघाली. आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. २९ आठवडे लागतील असा प्रसंग प्रत्यक्षात एकही नाही. एकतर काम २४ आठवड्यांच्या आत संपते, नाही तर ३४ आठवड्यांपर्यंत लांबते. म्हणून केवळ सरासरी सांगणे हे येथे अपुरेच नव्हे, तर दिशाभूल करणारे आहे. सांगावयाचे असते ते निष्पत्तींचे संपूर्ण वितरण.

दोनच टोके व तीनच शक्यता असल्यामुळे हे गणित आपण कागदावर केले. प्रत्यक्षात शेकडो कामे एकमेकांत गुंतलेली असतात. तेथे कागद अपुरा पडतो व संगणकाचा आश्रय घ्यावा लागतो.

५. खोदकामाचे चक्र

सुरुंग लावून बोगदा खणताना एकच चक्र पुनःपुन्हा फिरत असते. बोगद्याच्या ज्या आघाडीच्या भिंतीवर काम चालते तिला कामगार ‘फेस’ म्हणतात. फेसवर छिद्रे पाडणे, त्यांत स्फोटके भरणे, सुरुंग उडविणे, धूर बाहेर काढणे, लोंबकळणारे दगड पाडून टाकणे, फुटलेला दगड वाहून नेणे आणि शेवटी रॉक बोल्ट, शॉटक्रीट किंवा पोलादी कमानी यांचा आधार देणे, असा हा क्रम आहे. मग पुन्हा छिद्रे.

यांपैकी दगड वाहून नेण्याचे काम घेऊ. फेसचे क्षेत्रफळ ३० चौरस मीटर व एका फेरीत ३ मीटर प्रगती धरली, तर ९० घनमीटर कातळ फुटतो. फुटल्यावर तो फुगून दीडपटीहून अधिक, समजा १४४ घनमीटर होतो. डंपरमध्ये ८ घनमीटर मावत असतील तर १८ खेपा झाल्या. लोडरला एक डंपर भरण्यास ५ मिनिटे व डंपरला बाहेर जाऊन परत येण्यास २० मिनिटे लागत असतील, तर लोडर रिकामा राहू नये यासाठी ५ डंपर पुरतात व सर्व दगड ९० मिनिटांत हलतो.

पण बोगदा स्थिर नसतो. तो लांबत जातो. फेस ५०० मीटर पुढे सरकला म्हणजे जाण्यायेण्याचे अंतर एक किलोमीटरने वाढते. ताशी १० किलोमीटर वेगाने त्यास ६ मिनिटे अधिक लागतात. तेव्हा ५ डंपर अपुरे पडून प्रत्येक फेरीस सुमारे २२ मिनिटे अधिक जाऊ लागतात. ७ डंपर आणले तर लोडर रिकामा राहत नाही, पण डंपर मात्र रांगेत उभे राहतात. शिवाय प्रत्यक्षात कोणतीच खेप नेमक्या २० मिनिटांची नसते. एखादा डंपर वाटेत अडकला की मागचे सर्व खोळंबतात.

संगणकात या सर्व घटनांची एक सूची ठेवली जाते : अमुक मिनिटाला अमुक डंपर भरून झाला, तमुक मिनिटाला दुसरा परतला. प्रतिरूपणातील घड्याळ मिनिटामिनिटाने न चालता एका घटनेवरून पुढच्या घटनेवर उडी मारते. प्रत्येक कामाचा कालावधी त्याच्या वितरणातून यादृच्छिक रीतीने निवडला जातो. अशा रीतीने १,२०० मीटरचा संपूर्ण बोगदा संगणक काही क्षणांत ‘खणून’ दाखवितो, आणि हेच हजार वेळा करतो. डंपर कोणत्या टप्प्यावर वाढवावेत, पाळ्या कशा लावाव्यात, याचे उत्तर त्यातून मिळते. ही यंत्रांची व्यवस्था झाली. तिचे आकडे कोणत्याही चालू कामावर घड्याळ लावून मिळविता येतात. खरी अडचण जमिनीची आहे.

६. जमिनीची साखळी

जमीन आपणांस दिसत नाही. परंतु ती सर्वस्वी अनियमित असते असेही नाही. चांगला कातळ लागला तर पुढील काही मीटरही चांगला कातळ असण्याचा संभव अधिक. चिकणमाती लागली तर ती लगेच संपण्याचा संभव कमी. ही गोष्ट मार्कोव्ह साखळीच्या रूपाने मांडता येते. आपला बोगदा १० मीटरच्या १२० खंडांत विभागू. जमिनीचे दोनच प्रकार मानू : चांगली व वाईट. चांगल्या खंडानंतर पुन्हा चांगला येण्याची संभाव्यता ०.९, आणि वाईट खंडानंतर पुन्हा वाईट येण्याची ०.८ धरू. यावरून चांगल्या पट्ट्याची सरासरी लांबी १०० मीटर व वाईट पट्ट्याची ५० मीटर येते. म्हणजे दीर्घकालीन प्रमाण दोनास एक. १,२०० मीटरमध्ये सरासरीने ८०० मीटर चांगली जमीन व ४०० मीटर वाईट.

चांगल्या जमिनीत दिवसास ४ मीटर व वाईट जमिनीत अर्धा मीटर प्रगती होते असे धरले, तर २०० अधिक ८०० असे एकूण १,००० दिवस लागतील. बोगद्याच्या एक तृतीयांश लांबीने चार पंचमांश काळ खाल्ला. पेडण्याचा अनुभव हाच होता.

आता या १,००० दिवसांवर विश्वास किती ठेवावा? प्रत्येक खंड दुसऱ्यापासून स्वतंत्र असता, तर वाईट जमिनीच्या लांबीचे प्रमाण विचलन सुमारे ५२ मीटर आले असते. परंतु खंड साखळीने जोडलेले आहेत. वाईटामागे वाईट येते. त्यामुळे प्रमाण विचलन सुमारे १२३ मीटर होते, म्हणजे दुपटीहून अधिक. चांगल्याऐवजी वाईट लागलेला प्रत्येक मीटर पावणेदोन दिवस अधिक घेतो. तेव्हा काळाचे प्रमाण विचलन सुमारे २१५ दिवस झाले. स्थूलमानाने, तीनपैकी एका प्रसंगी बोगदा ७८५ दिवसांच्या आत तरी संपेल किंवा १,२१५ दिवसांच्या पलीकडे तरी जाईल. जो आखणीकार खंडांना स्वतंत्र समजून हिशेब करील, त्यास आपली अनिश्चितता निम्म्याहूनही कमी भासेल. तो खोटा आत्मविश्वास बाळगील. ज्यास ही साखळी समजून घ्यावयाची असेल त्याने संगणकाकडे वळण्यापूर्वी दोन पिशव्यांत दहा-दहा चिठ्ठ्या घालून एक बोगदा स्वतःच्या हाताने ‘खणून’ पाहावा. १२० चिठ्ठ्या काढण्यास अर्धा तास पुरतो आणि वाईट पट्टे कसे झुंडीने येतात हे डोळ्यांना दिसते.

७. एका बोअरची साक्ष

समजा, सड्यावरून खाली बोगद्याच्या पातळीपर्यंत एक चाचणी-बोअर घेतले व त्या जागी वाईट जमीन लागली. ही साक्ष किती अंतरापर्यंत ग्राह्य मानावी? आपल्या साखळीनुसार शेजारचा खंड वाईट असण्याची संभाव्यता ०.८ आहे. ५० मीटर अंतरावर ती ०.४५ वर येते आणि १०० मीटर अंतरावर ०.३५ वर, मुळात काहीही न पाहता ती ०.३३ होतीच. म्हणजे १०० मीटरपलीकडे त्या बोअरला जवळजवळ काहीच सांगता येत नाही. ३०० मीटरच्या अंतराने बोअर घेतले व त्यांच्यामध्ये सरळ रेषा ओढून थर दाखविले, तर नकाशा सुबक दिसतो, पण त्यातील बहुतेक भाग कल्पनेचा असतो. बोअर किती अंतरावर घ्यावेत हे थर किती अंतराने बदलतात यावरून ठरावे. अंदाजपत्रकात किती रक्कम उरली आहे यावरून ठरू नये.

याउलट, योग्य जागी घेतलेले बोअर काय करू शकते याचे उदाहरण गोटहार्डचे आहे. २०१६ साली खुल्या झालेल्या ५७ किलोमीटर लांबीच्या या बोगद्याच्या वाटेत पिओरा नावाचा पट्टा होता. तेथे साखरेसारखा भुसभुशीत डोलोमाइट उच्च दाबाच्या पाण्यासह आढळण्याची भीती होती. तसे झाले असते तर सारा प्रकल्पच धोक्यात आला असता. म्हणून १९९० नंतरच्या दशकात मोठा खर्च करून तेथे शोधबोगदा व खोल बोअर घेण्यात आले. बोगद्याच्या पातळीवर तो दगड घट्ट व कोरडा आहे असे त्यांतून निष्पन्न झाले. त्या एका उत्तराने आखणीतील सर्वांत मोठी अनिश्चितता दूर झाली आणि पुढे खोदयंत्र तेथून सुरक्षितपणे पार झाले.

८. सरासरीत न दिसणारा मनुष्य

खोदकाम सुरू झाल्यावरही जमिनीला विचारण्याचे एक साधन हाती असते. फेसमधून पुढे २५ मीटरपर्यंत आडवे बोअर घेऊन पुढची जमीन आधीच पाहता येते. परंतु त्यासाठी काम थांबवावे लागते. दर २० मीटर प्रगतीनंतर एकदा असे बोअर घेतले, तर आपल्या बोगद्यात ६० वेळा काम थांबेल. प्रत्येक वेळी अर्धा दिवस धरल्यास ३० दिवस गेले. ठेकेदार विचारील, ‘हे ३० दिवस कशासाठी?’

आपल्या साखळीनुसार बोगदा चांगल्या जमिनीतून वाईट जमिनीत सरासरी ८ वेळा शिरतो. पूर्वसूचना नसताना शिरल्यास १० पैकी एका वेळी फेस ढासळतो व त्यापायी ६० दिवस वाया जातात असे मानू. पूर्वसूचना असल्यास छताला आधीच आधार देता येतो, पाण्याचा निचरा करता येतो. मग ही शक्यता ५० पैकी एकावर येते. आता हिशेब पाहा. आडवे बोअर न घेतल्यास ढासळण्यामुळे सरासरी ४८ दिवस जातील. घेतल्यास बोअरचे ३० व ढासळण्याचे ९.६ मिळून सुमारे ४० दिवस जातील. फरक अवघा ८ दिवसांचा! १,००० दिवसांच्या कामात आठ दिवसांकडे कोण पाहतो?

परंतु वितरण पाहिले की निराळेच चित्र दिसते. पूर्वसूचना नसताना संपूर्ण कामात निदान एकदा तरी फेस ढासळण्याची संभाव्यता सुमारे ५७ टक्के आहे. पूर्वसूचना असताना ती सुमारे १५ टक्के. दिवसांच्या सरासरीत जे दोन मार्ग जवळजवळ सारखे दिसले, ते या कसोटीवर एकमेकांपासून फार दूर आहेत. आणि फेस ढासळतो तेव्हा तेथे केवळ यंत्र उभे नसते. छिद्रे पाडणारे, आधार बसविणारे कामगार उभे असतात. ६० दिवसांच्या आकड्यात त्यांचा समावेश कोणत्याही गणिताने होत नाही, होऊही नये. म्हणून निष्पत्तींच्या तक्त्यात काळ व खर्च यांच्या शेजारी ‘निदान एकदा ढासळण्याची संभाव्यता’ हा स्वतंत्र स्तंभ असला पाहिजे, आणि तो प्रथम वाचला गेला पाहिजे. मऊ मातीच्या बोगद्यांत गेलेल्या १९ जणांच्या आठवणीने तरी एवढा नियम आपण स्वतःस घालून घ्यावा.

९. मर्यादा

प्रतिरूपणाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा आकड्यांची. वर गृहीत धरलेले ०.९ व ०.८ हे आकडे प्रत्यक्षात कोठून आणावयाचे? जवळपासच्या विहिरी, चिरेखाणी, रस्त्याच्या कापण्या, पूर्वीच्या बोगद्यांच्या नोंदी व अनुभवी भूवैज्ञानिकाचा अंदाज यांतूनच ते काढावे लागतात. अंदाज चुकीचा असेल तर संगणक तीच चूक हजार वेळा, अधिक नेटकेपणाने करून दाखवितो.

दुसरी मर्यादा अशी की, फेऱ्या वाढविल्याने अज्ञान कमी होत नाही. हजार फेऱ्यांत वरील ५७ टक्क्यांच्या उत्तरात सुमारे दीड टक्क्याची त्रुटी राहते. लाख फेऱ्या केल्या तर ती दशांशावर येईल. पण ही केवळ मोजणीची त्रुटी झाली. जमिनीविषयीचे आपले गृहीतच जर चुकले असेल, तर लाखावी फेरीही ते दुरुस्त करू शकत नाही. ते काम बोअरच करू शकते.

तिसरी मर्यादा म्हणजे ज्याची कल्पनाच केली नाही ते संगणकात कधीही घडत नाही. दोनच प्रकारची जमीन कल्पिली, तर तिसरी कधी लागणार नाही. पाऊस कल्पिला नाही, तर तो पडणार नाही. बोगदा पूर्ण झाला म्हणजे जमीन गप्प बसते असेही नाही. पेडण्याच्या बोगद्यात ऑगस्ट २०२० मध्ये भिंतीचा भाग कोसळून व जुलै २०२४ मध्ये पाणी झिरपून वाहतूक बंद ठेवावी लागली. दोन्ही प्रसंग पावसाळ्यातलेच आहेत.

यावर उपाय एकच. प्रतिरूपण हे आरंभी एकदा करून फाइलीत ठेवण्याचे काम नव्हे. फेस जसजसा पुढे जाईल तसतशी प्रत्येक फेरीत लागलेल्या जमिनीची नोंद प्रतिरूपणात घालावी, संभाव्यता सुधारून घ्याव्यात व उरलेल्या बोगद्याचा हिशेब नव्याने करावा. २०० मीटर खणून झाल्यावरचा अंदाज हा आरंभीच्या अंदाजाहून अधिक शहाणा असलाच पाहिजे. तो तसा नसेल तर नोंदी नीट ठेवल्या जात नाहीत, असे खुशाल समजावे.

१०. समारोप

एकंदर विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात सांगता येईल. संगणकीय प्रतिरूपण जमिनीच्या पोटात पाहू शकत नाही. बोगदा अमुक तारखेस पूर्ण होईल असे भविष्यही ते सांगत नाही. जो त्याकडून अशी तारीख मागतो, त्याने त्याचा उपयोग समजून घेतलेला नाही. आपणांस काय ठाऊक नाही आणि त्या न ठाऊक असण्याची किंमत किती आहे, हे मात्र ते मोजून दाखविते. पुढचे बोअर कोठे घ्यावे, कोणत्या ३० दिवसांची कंजुषी करू नये, पावसाआधी कोणते काम उरकावे, हे प्रश्न त्यामुळे मताचे न राहता हिशेबाचे होतात.

पावसचा विहीर खणणारा पहार मारताना खालचा आवाज ऐकतो आणि आवाज बदलला की हात आवरता घेतो. त्याच्याजवळ यादृच्छिक संख्या नाहीत. पण कातळ पुढेही तसाच असेल असे गृहीत धरावयाचे नाही, एवढे त्यास पक्के ठाऊक आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी प्रतिरूपण शिकताना सूत्रांबरोबर हेही शिकावे. या दृष्टीने रत्नागिरी परिसरातील विहिरी, चिरेखाणी व कापण्या यांतील थरांची पद्धतशीर मोजणी करून जांभा, चिकणमाती व बेसॉल्ट यांच्या पट्ट्यांची सरासरी लांबी निश्चित करणे, हा पदव्युत्तर प्रबंधास सर्वस्वी योग्य विषय आहे. त्यासाठी मोठ्या संगणकाची गरज नाही. मोजपट्टी, वही आणि एक कोरडा हिवाळा पुरेसा आहे. त्या नोंदींतून जे आकडे मिळतील, ते कोकणात पुढे खणल्या जाणाऱ्या प्रत्येक बोगद्याच्या उपयोगी पडतील.